चतुर्थीचा बाजार स्वस्तात: सुपरमार्केटमधून काय भरावे, काय बाजारातूनच आणावे

विचारणाऱ्या ताई पुण्याहून पर्वरीला राहायला आल्या आहेत. त्यांचा प्रश्न थोडक्यात असा: गोव्यातली ही पहिलीच चतुर्थी, दीड दिवसाचा गणपती, घरात माणसे चार पण येणारे-जाणारे पुष्कळ. सवलतीत माल देणाऱ्या मोठ्या सुपरमार्केटमधून सणाचा सगळा बाजार एकदम भरला तर खरेच पैसे वाचतात का? तयार मिठाई, फराळाची पाकिटे, सुकामेव्याचे बॉक्स यांतले काय घेण्यासारखे असते? आणि हेच गणित दिवाळी-नाताळला चालेल का?

ताई, पैसे वाचतात, पण ते कच्च्या मालात. तयार मालात बहुतेक वेळा उलटे जास्तच जातात. मी बरीच वर्षे एका भांडाराच्या खरेदी विभागात काम केले आणि आता फोंड्याला घरून फराळाच्या ऑर्डरी घेते, म्हणून हे दोन्ही बाजूंनी पाहून सांगते.

या दुकानांचे गणित आधी समजून घ्या. साखर, तेल, मैदा, रवा, चणाडाळ यांचे भाव गिऱ्हाइकाला तोंडपाठ असतात. साखर शेजारच्या पसरकारापेक्षा, म्हणजे किराणा दुकानदारापेक्षा, दोन रुपयांनी महाग दिसली तर माणूस दुकानच बदलतो. म्हणून अशा मालावर मोठे दुकान अगदी थोडा नफा घेते, सणाच्या तोंडावर कधीकधी खरेदीच्या भावातही देते. ती तूट भरून निघते ज्यांचा भाव कोणालाच पाठ नसतो अशा वस्तूंवर: भेटीचे बॉक्स, पन्नास ग्रॅमची मसाल्याची पाकिटे, चकली-शेवेच्या फुगलेल्या पिशव्या, पैसे भरायच्या रांगेशेजारची चॉकलेटे. तेव्हा ज्याचा भाव तुम्हाला माहीत आहे ते तिथे बिनधास्त भरा. ज्याचा माहीत नाही, त्याचा किलोचा भाव काढल्याशिवाय ट्रॉलीत टाकू नका.

किलोचा भाव काढायला कॅल्क्युलेटरही लागत नाही. एमआरपीच्या जवळपास बारीक अक्षरांत दर ग्रॅमचा किंवा दर मिलिलिटरचा भाव छापलेला असतो. पण तो एमआरपीवरून काढलेला असतो, दुकानाने दिलेली सूट त्यात धरलेली नसते, हे ध्यानात ठेवा. तेल-तुपाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बघा. पूर्वी पाकिटांची मापे ठरलेली असायची, आता कंपनी हवे ते माप काढते. एकाच फळीवर एक लिटर, ८५० ग्रॅम, ८०० मिलि अशी तीन पाकिटे सारख्याच उंचीची उभी असतात. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, तूपही जवळपास तेवढेच. एक किलो तूप आणि एक लिटर तूप यांत नव्वद-पंचाण्णव ग्रॅमचा फरक पडतो, आणि तुपाच्या भावाने ही रक्कम लहान नाही. तेल नेहमी वजनावर तोला, मापावर नाही.

फळ्यांची रचनाही विचार करून केलेली असते. डोळ्यांसमोरच्या फळीवर दुकानाला जास्त नफा देणारा माल असतो. दुकानाच्या स्वतःच्या नावाचा रवा, मैदा, डाळी, पोहे बहुधा खाली, गुडघ्याशी. तो माल घ्यायला संकोच करू नका. पाकिटामागे ‘उत्पादक’ आणि ‘विक्रेता’ अशी दोन नावे असतात. उत्पादकाचे नाव वाचलेत तर कधीकधी नामांकित ब्रँडचा माल भरणारी गिरणीच तिथे सापडते. डाळीत मात्र पाकीट उजेडात धरून बघा. चणाडाळीचे दाणे सारख्या रंगाचे, कडा न झिजलेले आणि तळाशी भुकटी नसलेले हवेत. जुनी डाळ पुरणाला शिजता शिजत नाही, आणि गॅस जळतो तो वेगळाच.

आता नेवऱ्या, म्हणजे तुमच्या करंज्या. गोव्यात चतुर्थीला नेवऱ्यांशिवाय घर नाही, आणि तुम्हाला सर्वांत जास्त बचतही इथेच आहे. अर्धा किलो पिठात मध्यम आकाराच्या पंचेचाळीस-पन्नास नेवऱ्या होतात. मैदा, बारीक रवा, साखर, तळणीचे तेल हे सगळे स्वस्तात मिळणाऱ्या यादीतले. खर्च वाढतो तो सारणात: खसखस, वेलची, काजू. खसखशीची छोटी पाकिटे सुपरमार्केटात फार महाग पडतात. म्हापसा किंवा मडगावच्या बाजारात भुसारी दुकानात सुटी मागा, हातावर घेऊन वास बघा, मग शंभर ग्रॅम घ्या. वेलचीचे तसेच. टपोरी, हिरवी, न फुटलेली वेलची बाजारात निवडून घेता येते. पाकिटात वर चांगली दिसते आणि तळाशी सुरकुतलेली निघते.

काजूवर जरा थांबते, कारण गोव्यात नव्याने आलेल्या माणसाचे सर्वांत जास्त पैसे काजूतच जातात. अख्ख्या काजूगरांची प्रत आकड्यांत असते: डब्ल्यू-१८०, २१०, २४०, ३२०. एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती गर बसतात तो हा आकडा. आकडा लहान तितका गर मोठा आणि भाव चढा. त्याखाली पाकळी, म्हणजे दोन फाकांत सुटलेला गर, मग तुकडा, मग कणी. चवीचा आणि या आकड्यांचा संबंध नाही. पैसे आकाराचे आणि अखंडपणाचे जातात. सारणात, लाडवात, खिरीत काजू मोडूनच पडतो, तिथे २४० नंबरचा काजू घालणे म्हणजे निव्वळ नुकसान. तिथे तुकडा घ्या. पानात वाढायला किंवा कोणाला द्यायला ३२० पुरेसा होतो. तुकड्याचा एक दोष असतो: मोडलेल्या बाजूने तेल हवेला लागते आणि तो लवकर खवट होतो. म्हणून तुकड्याचे पाकीट घेताना पॅकिंगची तारीख जितकी अलीकडची तितकी बरी, मग सूट थोडी कमी मिळाली तरी चालेल. घरी आणल्यावर पहिला तुकडा पुढच्या दातांनी चावा. गोडसर, दुधाळ चव आली तर ठीक. जिभेच्या मागे कडवटपणा रेंगाळला तर ते पाकीट बिल घेऊन परत करा, सारणात घालू नका. एका खवट मुठीने सगळ्या नेवऱ्या वाया जातात.

‘गोव्याचे काजू’ या शब्दांवरही जादा पैसे घेतले जातात. गोव्यातल्या कारखान्यांत आफ्रिकेतून आलेल्या कच्च्या बियाही फोडल्या जातात. तो माल खराब असतो असे माझे मुळीच म्हणणे नाही, पण त्याला गावठी काजूचा भाव द्यायचे कारण नाही. गावठी बी हवी असेल तर ओळखीच्या बागायतदाराकडून घ्या, नाहीतर बागायतदार बाजारात विचारा. फोंड्याच्या गोवा बागायतदार सहकारी खरेदी-विक्री संस्थेची ही दुकाने राज्यात ठिकठिकाणी आहेत आणि ही संस्था सुपारी, नारळ, काजू शेतकऱ्यांकडून घेते. किराण्यासाठीही हे दुकान तुमच्या यादीत असू द्या.

नारळ मात्र सुपरमार्केटातून घेऊ नका. २०२५ साली नारळाचे भाव चढले तेव्हापासून तर प्रत्येक नारळ पारखून घ्यावा लागतो आणि जाळीत बांधलेले चार नारळ पारखता येत नाहीत. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे, हलवल्यावर पाणी वाजले पाहिजे, डोळे कोरडे पाहिजेत. शेजारी कोणाचे माड असतील तर पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, येण्याच्या दिवशी सांगून ठेवा, त्याहून चांगला सौदा नाही. सुक्या सारणासाठी खोबऱ्याचा कीस पाकिटातला चालतो, पण मागचा तक्ता वाचा. चांगल्या किसात शंभर ग्रॅममागे साठ ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश असतो. तो चाळीस-पंचेचाळीस दिसला तर नारळाचा रस काढून उरलेला चोथा वाळवून विकला आहे असे समजा. स्वस्त असतो, पण नेवरीत तो भुशासारखा लागतो.

हळदीची पाने, माटोळीचे सामान, आंबाडे, गावठी भाजी यांना सुपरमार्केटात शोधण्यात वेळ घालवू नका. माटोळी म्हणजे गणपतीच्या वर बांधतात ती फळा-पानांची चौकट. पुण्यात ही पद्धत नाही, म्हणून सांगते. तिचे सामान रानातून आणि कुळागरांतून, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांतून, येते आणि म्हापसा, फोंडा, डिचोलीच्या बाजारात गावच्या बायका घेऊन बसतात. आदल्या दिवशी गर्दीही असते आणि भावही. टिकणाऱ्या वस्तू, म्हणजे सुपारीचा घड, नारळ, तोरिंजन (पपनसासारखे मोठे फळ), दोन-तीन दिवस आधी घ्या आणि पाने-फुले तेवढी शेवटी. इथे दोन-पाच रुपयांसाठी फार घासाघीस करू नका असे मी मनापासून सांगेन. त्या बायका पहाटेपासून रानात फिरून ते सामान आणतात. खतखते म्हणजे इथली मिश्र भाजी; तिच्या भाज्यांपैकी नेहमीच्या भाज्या फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवर अनुदानित भावात मिळतात, कंदमुळे बाजारात.

तयार मालाचे आता सांगते. सुकामेव्याचा बॉक्स हातात घ्या आणि उलटा करा. चार कप्प्यांचा सुंदर बॉक्स, वर रिबीन, मागे निव्वळ वजन ४०० ग्रॅम. समजा किंमत ६०० रुपये. म्हणजे किलोला १,५०० पडले. आता कप्पे बघा: शंभर ग्रॅम काजू, शंभर ग्रॅम बदाम, आणि उरलेल्या दोन कप्प्यांत मनुका आणि खजूर. मनुका आणि खजूरही तुम्ही १,५०० रुपये किलोने घेतलात. कप्प्याचा तळ वर उचललेला असतो, त्यामुळे भरगच्च दिसतो. त्याऐवजी काजू, बदाम, मनुकांची अर्ध्या-अर्ध्या किलोची पाकिटे घ्या आणि पॅकिंगचे सामान विकणाऱ्या दुकानातून रिकामे डबे आणा. तेवढ्याच पैशांत भेटी जास्त होतील आणि प्रत्येक भेटीत काय दर्जाचा माल गेला हे तुम्हाला ठाऊक असेल.

मिठाईच्या पाकिटावर घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. पहिली तीन नावे वाचली तरी पुरते. काजूकतलीवर साखर पहिली आणि काजू दुसरा असेल तर काजूच्या पुढचा टक्का बघा. सोनपापडीत साखर, मैदा, बेसन आणि वनस्पती तेल असणारच. ती तशीच असते, पण मग तिला तुपाच्या मिठाईचा भाव देऊ नका. रसगुल्ला-गुलाबजामच्या एक किलोच्या डब्यात पाक बराच असतो. निथळलेले वजन वेगळे छापले असेल तर भाव त्यावरून काढा. एकावर एक फुकट मिळणारे गुलाबजामचे पीठ मात्र खरोखर परवडते. तूप-साखर तुमची, ताजे करता येतात आणि पाहुणे अचानक आले तर अर्ध्या तासात वाटी पुढे ठेवता येते.

चकली, शेव, चिवडा यांच्या पिशव्या घेताना दोन्ही हातांनी दाबून बघू नका, वजन वाचा. बहुतेकांत पामतेल असते. शिवाय चतुर्थी पडते भाद्रपदात, हवा दमट. उघडलेली पिशवी इथे दुसऱ्या दिवशी सर्दावते. कौटुंबिक पॅकचा किलोचा भाव कमी दिसला तरी अर्धे फेकावे लागले तर ते महागच पडले. चकली, लाडू, नेवऱ्या घरी करायला वेळ नसेल तर स्वयंसहाय्य गटांच्या बायकांकडून घ्या. सणाच्या आधी पंचायतींत आणि बाजारांत त्यांची दालने लागतात. भाव सुपरमार्केटच्या पाकिटापेक्षा थोडा वर असेल, पण माल त्याच आठवड्यातला असतो, आणि कोणत्या तेलात तळले हे विचारले तर समोरून उत्तर मिळते.

तुमच्याकडे येणाऱ्यांत मुले असतील म्हणून चॉकलेटांविषयी. घटकांत ‘कोको बटर’ असेल तर ते चॉकलेट. त्या जागी वनस्पती स्निग्धांश असेल तर ते स्वस्तातले कंपाउंड, आणि त्याची किंमतही तशीच हवी. मार्शमॅलो आणि जेलीच्या गोळ्यांत जिलेटिन असू शकते. गणपतीच्या दिवसांत हिरवे वर्तुळ बघूनच घ्या. तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी, अंड्याचा पदार्थही त्यातच येतो.

कर कमी झाल्याचाही फायदा घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून तूप, लोणी, नमकीन, बदाम, पिस्ता, खजूर यांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला, चॉकलेट-बिस्किटांवरचा १८ वरून ५ वर. बिलावर दर छापलेला असतो, तो एकदा बघून घ्या.

खरेदी कधी करावी? कोरडा माल तीन आठवडे आधी. त्याहून आधी नको, पावसाळ्यात रवा-मैद्याला कीड लागते. शेवटच्या आठवड्यात सवलतीच्या माळा लागतात खऱ्या, पण रोजच्या ब्रँडचा माल संपलेला असतो आणि उरतो तो महागडा. सकाळी दुकान उघडताना जा, फळ्या नुकत्याच भरलेल्या असतात. पुढे जुना आणि मागे नवा माल लावायची दुकानदारांची पद्धत असते, म्हणून दूध, पनीर, लोणी मागच्या रांगेतून उचला.

बेळगावला जाऊन बाजार करावा का, असे इथे नेहमी विचारतात. चोर्ल्याचा घाट, जाऊन-येऊन दोनशे किलोमीटरच्या वर, पावसाचे दिवस. एका घरापुरता बाजार असेल तर पेट्रोलमध्येच बचत संपते. चार-पाच घरांची यादी एकत्र असेल, किंवा कापडही घ्यायचे असेल, तर जा. पेडणे-डिचोलीकडची माणसे बांदा-सावंतवाडीला जातात, ते अंतर कमी असल्याने परवडते.

दिवाळीला हेच गणित चालते, एक भर घालून. गोव्यात नरकचतुर्दशीला सकाळी पोह्यांचे प्रकार होतात: ताकातले, नारळाच्या रसातले, गुळातले, फोडणीचे. त्यांना गावठी जाड पोहे लागतात. ते खेड्यातल्या गिरणीचे किंवा बाजारातले घ्या, सुपरमार्केटचे पातळ पोहे चिवड्यासाठी ठेवा. गुळातल्या पोह्यांना कोल्हापुरी गूळ चांगला, पण अगदी पिवळाधमक घेऊ नका. थोडा काळसर, चवीला खारट नसलेला बघा.

नाताळात तुम्हाला शेजारून कुस्वाराचे, म्हणजे नाताळच्या गोड फराळाचे, ताट येईलच, पर्वरीत तर नक्की. परत द्यायला किंवा पुण्याला न्यायला बेबिंका घ्यायची झाली तर तिथे स्वस्ताच्या मागे लागू नका. बेबिंकेला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ती नारळाचा रस, अंड्यातला पिवळा बलक, तूप, साखर आणि मैदा यांची असते, एक थर भाजून झाल्यावर त्यावर पुढचा ओतायचा, अशी तासन् तास चालणारी. पाकिटावर तुपाच्या जागी वनस्पती आणि नारळाच्या रसाच्या जागी पावडर असेल तर ती ठेवून द्या. ओळखीच्या घरगुती बेकरकडे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ऑर्डर द्या. नंतर ते घेत नाहीत. प्लम केक मात्र सुपरमार्केटचा चालतो, आणि २६ डिसेंबरनंतर त्याचा भाव बराच खाली येतो. बॉक्सवरची तारीख वाचून घेतलात तर नव्या वर्षापर्यंत खुशाल टिकतो. भेटीच्या चॉकलेट-सुकामेव्याच्या बॉक्सांचेही तसेच. सण संपला की दुकानाला ते लवकर काढून टाकायचे असतात, तेव्हाच घ्यावेत.

पैसे भरल्यावर दारातच बिल वाचा. फळीवर लावलेला भाव आणि संगणकातला भाव यांत सणाच्या घाईत फरक राहून जातो. तेल, तूप, काजू या तीन ओळी आधी बघा, कारण रक्कम तिथेच मोठी असते. फरक दिसला तर काउंटरवर सांगा, बहुतेक वेळा लगेच दुरुस्त करून देतात. एमआरपीपेक्षा जास्त घेतले आणि ऐकत नसतील तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे; बिल आणि पाकिटाचा फोटो जपून ठेवा.